फोटो हलला म्हणून

कोलकात्याला पोस्टिंग होती तेव्हा रविवारी पहाटे मी कॅमेरा घेऊन मल्लिक घाटावर जायचो. फोर्ट विल्यममधून निघायचं (आता त्याचं नाव विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून ठेवलेलं) आणि स्ट्रँड रोडने चालत हावडा पुलापर्यंत. पुलाच्या पायथ्याशी फुलबाजार आहे. दादरचा फुलबाजार पाहिला असेल तर तो नदीकाठी नेऊन ठेवा आणि कितीतरी पट वाढवा. कोलाघाट, पांशकुडा, राणाघाट इकडून फुलं येतात आणि हमाल ती डोक्यावर वाहतात. झेंडूच्या माळांचा भारा एवढा मोठा, की खाली माणूस आहे हे पायांवरूनच कळतं.

त्या दिवशी एक हातगाडी गल्लीत आडवी झाली आणि असा एक हमाल मध्येच अडकला. भारा खाली ठेवायची सोय नाही, कारण तो पुन्हा चढवायला दोन माणसं लागतात. दोन्ही हात वर, घाम डोळ्यांत. शेजारी निशिगंध विकणारी एक म्हातारी बसली होती. तिचा चहा नुकताच आला होता, मातीच्या भांड्यात. ती उठली, चहावर फुंकर घातली आणि भांडं त्याच्या तोंडाला लावलं. त्याने मान न हलवता तीन-चार घोट घेतले. मग तिने पदराने त्याच्या भुवया पुसल्या. गाडी सरकली, तो गेला. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. ती खाली बसली आणि उरलेला चहा प्यायली. उष्टं-बिष्टं काही नाही.

माझ्याबरोबर तिथं तीन-चार हौशी पोरं होती, मोठ्या लेन्सवाली. त्यांतला एक पुढे झाला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या हमालाकडे बोट दाखवून म्हणाला, “माशी, एक बार और?” (बंगालीत मावशीला माशी म्हणतात. मराठी माणसाची जीभ सुरुवातीला जरा अडखळतेच.) तिला कळेना. “त्याचा चहा पिऊन झाला की,” ती म्हणाली.

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

कारण त्याच्या काही वर्षं आधी, पीर पंजालच्या डोंगरातल्या एका गावात आम्ही ब्लँकेटं वाटली होती. मी तेव्हा लान्स नायक. बरा फोटो काढतो म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. एका आजीला ब्लँकेट देतानाचा फोटो हलला. मीच म्हणालो, “सर, परत घ्या, पुन्हा द्या.” ब्लँकेट मागे ओढलं तशी आजीने ते घट्ट धरलं. तिला वाटलं, काढून घेताहेत. कुणीतरी तिला तिच्या भाषेत समजावलं, तिने सोडलं, पुन्हा घेतलं. दुसरा फोटो झकास आला. नोटीस बोर्डावरही लागला.

मदतीचे फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही. सरकारी पैशाचं ब्लँकेट कुठं गेलं हे विचारलंच पाहिजे. पण त्यासाठी रजिस्टर आहे, सही-अंगठा आहे, सरपंच आहे. गठ्ठ्यांचा फोटो काढा, रांग पाठमोरी काढा. घेणाऱ्याचा चेहरा कशाला हवा? त्याला नाही म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. समोर वर्दी, हातात ब्लँकेट, बाहेर बर्फ. कोण म्हणेल फोटो नको? रिटायर झाल्यावरही आपली ही सवय सुटत नाही. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर ग्रुपवर आलेले फोटो आठवा. किराणाच्या एका पिशवीला पाच हात, आणि मधली बाई खाली बघतेय. जुने सहकारी रागावतील, रागावू देत. चांगलं दिसलं की चांगलं वाढतं, असं त्यांचं म्हणणं असतं. वाढत असेलही. पण मग पुढच्या वेळी घेणाऱ्याच्या जागी आपण उभं राहून बघावं.

त्या हमालाचा फोटो मीही काढला होता, हे सांगायलाच हवं. त्यालाही नाही म्हणता आलं नसतं. त्याचे दोन्ही हात वर होते. म्हणून तो फोटो या लेखाबरोबर नाही.

पुढच्या रविवारी माशीने मला ओळखलं आणि स्वतःच म्हणाली, माझा काढ. केस नीट केले, निशिगंधाची सगळ्यात चांगली जुडी मांडीवर घेतली आणि कॅमेऱ्याकडे अशी रोखून बघायला लागली की जणू मीच गिऱ्हाईक. मी प्रिंट काढून नेऊन दिली. तिने ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि म्हणाली, फुलं शिळी दिसताहेत.