अफझलखानाचा हिशोब सातवीतल्या मुलाकडे का?

भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ साली पडद्यावर आला. चंद्रकांत मांडरे शिवराय झाले होते आणि पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंग. माझं मत आधीच सांगून टाकते. असे चित्रपट मुस्लिम घरांत पाहिले गेले पाहिजेत, आणि मुलांना शेजारी बसवून पाहिले गेले पाहिजेत. 'हे आपलं नाही' म्हणून रिमोट उचलणं म्हणजे ज्या मातीत आपण सात पिढ्या दफन झालो, तिचा इतिहास स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावावर करून देणं आहे.

रिमोट का उचलला जातो, हेही मला ठाऊक आहे. मी तळोद्यात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एका शिवजयंतीनंतर सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. खेळताना सोबतच्यांनी त्याला 'अफझलखान' म्हणून चिडवलं होतं. त्याने खाली बघत विचारलं, "मॅडम, अफझलखान आपला कोण लागतो?"

कोणीच नाही, हे उत्तर सोपं आहे. पण तेवढ्याने मुलाचं समाधान होत नाही. त्याला पुरावा हवा असतो, आणि गंमत म्हणजे तो पुरावा याच इतिहासात आहे.

मिर्झाराजांचंच बघा. १६६५ मध्ये औरंगजेबाची फौज घेऊन पुरंदरावर कोण आलं? अंबरचा राजपूत राजा. तहात शिवरायांना तेवीस किल्ले सोडावे लागले, ते त्याच्यासमोर. प्रतापगडाखाली अफझलखानाचा वकील म्हणून कृष्णाजी भास्कर आला होता, आणि शिवरायांनी सोबत नेलेल्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला सिद्दी जौहरने. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर बाहेरून चालून गेला सिद्दी हिलाल. त्या लढाईत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. हे शिवरायांच्या हयातीत लिहिलेल्या 'शिवभारत'मध्ये आहे. वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडू पाहणाराही सिद्दी. पावनखिंडीवर चित्रपट निघतात, बाजीप्रभूंचं नाव पोराटोरांना पाठ असतं, ते असायलाच हवं. पण या बापलेकांची नावं किती जणांनी ऐकली आहेत?

आता थोडं आपल्या लोकांशीही बोलायला हवं. शिवजयंती आली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याद्या फिरू लागतात. महाराजांच्या फौजेत इतके टक्के मुसलमान होते, अमका अंगरक्षक, तमका तोफखाना. त्यातले कितीतरी आकडे बिनबुडाचे असतात. मदारी मेहतरची गोष्ट आपल्याला प्रिय आहे, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. खोट्या आकड्यावर उभा केलेला हक्क पहिल्याच उलटतपासणीत पडतो. नूरबेग, दौलतखान, सिद्दी हिलाल, काझी हैदर ही नावं कागदात आहेत, तेवढी पुरे. आणि काझी हैदर पुढे मोगलांकडे गेला, तेही कागदातच आहे. ते लपवू नये. त्या काळी माणसं चाकरी बदलत, मराठे सरदारही बदलत.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत शिवरायांची माणसं शुद्ध मराठी बोलतात आणि मुसलमान सरदार मोडकंतोडकं हिंदी बोलून गडगडाटी हसतो. खरं चित्र असं नव्हतं. आदिलशाहीच्या वसुली कारभारात मराठी चालत होती आणि मराठीत फारसी मुरली होती. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, सरनोबताचा सेनापती. एका राजाने आपल्या राज्याला आपली भाषा द्यावी, यात आपल्याला दुखण्यासारखं काही नाही. पण कोश करावा लागला, याचाच अर्थ ते शब्द रोजच्या तोंडी होते. चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं शिवरायांचं प्रसिद्ध पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना आहे. ही तिन्ही नावं माझ्या उर्दूच्या वर्गात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

त्या पत्रात महाराज काय सांगतात? दाणा, वैरण, भाजी, सगळं पैसे देऊन विकत घ्या, रयतेला काडीचा त्रास देऊ नका. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत बारीक काळजी त्यात आहे. तुम्ही छळलंत तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा इशारा आहे. तलवारीचे दहा प्रसंग पाहून मुलाला जो राजा कळत नाही, तो या एका पत्रात कळतो. शिवराय आपलेही आहेत ते याच कारणाने. त्यांच्या सैन्यात आपले किती होते, यावर ते अवलंबून नाही.

आता आमच्या गावाचं उदाहरण. तळोद्यात बारगळांची गढी आहे. मल्हारराव होळकर लहानपणी मामा भोजराज बारगळांच्या आश्रयाने इथेच वाढले. पुढे पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ ला, मल्हारराव पराभव दिसताच रणातून निघाले. मराठ्यांच्या तोफांचा सरदार इब्राहिमखान गारदी मात्र शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि हालहाल होऊन मेला. यावरून कुणी आम्हा तळोदेकरांना जाब विचारतं का? बाजारात कुणी धनगराच्या पोराला 'पानिपतावरून का निघालात?' म्हणतं का? नाही म्हणत, आणि कधी म्हणूही नये. मग अफझलखानाचा हिशोब माझ्या सातवीतल्या मुलाने का द्यायचा?

एकाच्या करणीची भरपाई दुसऱ्याकडून घेणं काय असतं, ते भालजींनी स्वतः भोगलं होतं. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये जमावाने कोल्हापुरातला त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. खून करणारा दुसराच, जळाला यांचा स्टुडिओ, कारण जात एक. 'मीठभाकर' त्यांना नव्याने चित्रित करावा लागला. त्या राखेतून उठून चार वर्षांनी त्यांनी 'छत्रपती शिवाजी' दिला. आज एखादा ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या ज्या तरुणांच्या मुठी वळतात, त्यांनी भालजींच्या आयुष्यातलं हे पान जरूर वाचावं.

येत्या १९ फेब्रुवारीला दोन कामं करता येतील. शिक्षकांनी वर्गात ते चिपळूणचं पत्र मोठ्याने वाचून घ्यावं, शक्यतो उर्दू येणाऱ्या मुलाकडून, म्हणजे हे शब्द कुठून आले ते तोच बाकीच्यांना सांगेल. आणि पालकांनी घरी चित्रपट लावावा, मधे थांबवून विचारावं, 'हा मिर्झाराजा कोणाच्या बाजूने आला आहे?' उत्तर मुलालाच देऊ द्या. ज्याला ते देता आलं, तो पुन्हा कुणाला 'अफझलखान आपला कोण?' असं खाली मान घालून विचारणार नाही.