वीस हजारांचा मोबाईल खरंच परवडतो का? पाटीवरची किंमत सोडा, महिन्याचा हिशोब मांडा

सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने वीस हजारांचा मोबाईल म्हणजे पावणेचार क्विंटल सोयाबीन. हमीभाव न मिळता साडेचार हजारांवर माल द्यावा लागला, तर जवळपास साडेचार क्विंटल. कोरडवाहू रानात हा अर्ध्या-पाऊण एकराचा माल झाला, तोही पावसाने साथ दिली तर. पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांचे मिळून वर्षाला १२ हजार येतात. म्हणजे दोन्हीकडचे वर्षाचे सगळे हप्ते घातले तरी हा फोन फिटत नाही.

तरीही तालुक्याच्या बाजारात सगळ्यात जास्त विचारणा याच पट्ट्यातल्या फोनची असते. पंधरा ते पंचवीस हजार. दुकानदार याला 'मिडरेंज' म्हणतात. फार स्वस्त नाही, फार महाग नाही. पण पैसा वसूल होतो का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते घरच्या हिशोबात शोधावं लागतं.

फोन आता चैनीचा राहिला नाही

दहा वर्षांपूर्वी मोठा मोबाईल ही हौस होती. आता तसं नाही. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून, लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. पीएम किसानची ई-केवायसी ओटीपीवर किंवा चेहरा दाखवून करता येते. शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, बँक, पोरांचा अभ्यास, किराणा दुकानातला क्यूआर कोड, सगळं त्याच एका डबीत येऊन बसलं आहे.

कर मात्र जुन्याच हिशोबाने लागतो. मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावेळी मोबाईल १८ टक्क्यांवरच राहिला. वीस हजारांच्या बिलात सुमारे ३,०५० रुपये कराचे असतात. सरकारी काम ज्याच्यावर करायचं, ते अवजार अजून हौसेच्या वस्तूसारखंच कर भरतंय.

भाव चढले कशामुळे?

गेल्या काही महिन्यांत फोन महाग झाले, अशी तक्रार दुकानात ऐकू येते. ती खोटी नाही. फोनमध्ये रॅम आणि स्टोरेजच्या ज्या चिप लागतात, त्यांचे जागतिक भाव २०२५ च्या उत्तरार्धात जोरात चढले. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजून तीन. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना याच कंपन्यांचा माल लागतो आणि तिथे पैसा जास्त मिळतो. माल तिकडे वळला आणि फोनवाल्यांना तुटवडा पडला. कांद्याची आवक घटली की जे होतं, तेच इथे झालं.

याचा मार महागड्या फोनपेक्षा स्वस्त आणि मधल्या फोनला जास्त बसतो. लाखाच्या फोनमध्ये चिपचे हजार रुपये वाढले तर ते खपून जातात. पंधरा हजारांच्या फोनमध्ये तेच हजार रुपये ठळक दिसतात. मग कंपनी एकतर किंमत वाढवते, नाहीतर त्याच किमतीत रॅम, कॅमेरा किंवा स्क्रीन हलकी देते. म्हणून 'मागच्या वर्षी याच पैशात चांगला मिळत होता' हे म्हणणं बऱ्याच वेळा बरोबर असतं.

महिन्याला किती पडला?

फोन स्वस्त की महाग हे ठरवायचं तर किंमत भागिले महिने, हा साधा हिशोब करावा. समजा एकाने ११ हजारांचा फोन घेतला आणि तो अडीच वर्षांत अडखळायला लागला. ३० महिने चालला. महिन्याला ३६७ रुपये पडले.

दुसऱ्याने १९ हजारांचा घेतला. मध्ये एकदा बॅटरी बदलायला दोन हजार घातले आणि तो पाच वर्षं चालवला. २१ हजार भागिले ६० महिने. महिन्याला ३५० रुपये. म्हणजे महागडा दिसणारा फोन स्वस्त पडला.

पण त्याच दुसऱ्या माणसाने १९ हजारांचा फोन तीन वर्षांत टाकून नवा घेतला, तर महिन्याला ५२८ रुपये पडले. फोन तोच, किंमत तीच, पण हिशोब पार उलटा.

सगळ्या गोष्टीचं सार यातच आहे. मिडरेंज फोन पाच वर्षं टिकणारा असेल आणि घेणाराही तो पाच वर्षं वापरणार असेल, तरच तो परवडतो. नाहीतर दहा-अकरा हजारांचा साधा फोन बरा.

पाच वर्षं टिकेल हे कसं ओळखायचं?

बैल घेताना दात बघतात, शिंगाला लावलेला रंग नाही. फोनचे दात म्हणजे अपडेट, बॅटरी, रॅम-स्टोरेज आणि सर्व्हिस सेंटर.

अपडेट ही गोष्ट गावात कुणी विचारत नाही, आणि फोन लवकर म्हातारा होतो तो बहुतेक इथेच. कंपनी ठराविक वर्षंच फोनला सुरक्षेचे अपडेट देते. ते बंद झाले की फोन लगेच बंद पडत नाही, पण त्यावर बँकेचा व्यवहार करणं धोक्याचं होत जातं. पुढे एकेक ॲपही साथ सोडतं. अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या जुन्या फोनवर १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप बंद झालं, ते असंच.

रॅमच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावेत. खोक्यावर '८ जीबी + ८ जीबी' लिहिलेलं असतं. यातली खरी रॅम पहिली ८. दुसरी स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. विहिरीला पाणी आहे म्हणायचं आणि टँकरचं मोजायचं, तसला हा प्रकार. पाच वर्षं चालवायचा तर खरी रॅम ८ जीबी असलेली बरी, ६ च्या खाली जाऊ नये. स्टोरेज १२८ जीबी किमान.

कॅमेऱ्याचंही तसंच. मागे तीन-तीन भिंगं दिसतात, पण त्यातली एक-दोन २ मेगापिक्सेलची, नुसती संख्या वाढवायला असतात. मुख्य कॅमेरा चांगला असला की पिकाचा, सातबाऱ्याचा, लग्नाचा फोटो नीट येतो.

शिवारात रेंज येईल का?

फोनवर '५जी' लिहिलेलं असलं म्हणजे रानात ५जी चालेल असं नाही. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झची लहरपट्टी फक्त जिओने घेतली. ही लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, म्हणून खेड्यात उपयोगाची. फोनला ती पकडायची तर त्यात 'एन२८' हा बँड हवा. बीएसएनएलच्या ४जीसाठीही ७०० चीच पट्टी वापरली जाते, तिथे 'बँड २८' लागतो. दुकानात फोनची माहिती उघडून हे दोन आकडे बघायला दोन मिनिटं पुरतात.

त्याहून सोपी कसोटी म्हणजे गावात कुणाकडे तोच फोन असेल, तर तो घेऊन आपल्या विहिरीवर, गोठ्यात जाऊन रेंज बघणे. गावात टॉवर ४जीचाच असेल तर ५जी साठी वेगळे पैसे मोजण्यात आज फायदा नाही. पण पाच वर्षांचा विचार असेल तर फोन ५जी असलेला बरा.

ऊन, धूळ आणि पाणी हाही गावचा विषय. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसली नाही तर ई-पीक पाहणीचा फोटो अंदाजानेच काढावा लागतो. म्हणून फोन दुकानाच्या बाहेर, उन्हात आणून बघावा. 'आयपी५४' म्हणजे शिंतोडे सोसतो, पाटात पडला तर नाही. 'आयपी६८' वाला पाण्यात पडूनही सहसा वाचतो. आणि पाणी गेलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

दोन फोन, दोन हिशोब

उदाहरण म्हणून बाजारातले दोन फोन घेऊ. किमती बाजारात आले तेव्हाच्या, आज दुकानात फरक असू शकतो. सॅमसंगचा गॅलेक्सी ए१७ ५जी ऑगस्ट २०२५ मध्ये आला, ६ जीबी-१२८ जीबीचा १८,९९९ रुपयांना. कंपनीने सहा वर्षं अपडेट देण्याचं सांगितलं आहे. बॅटरी ५,००० एमएएच. पण प्रोसेसर या किमतीच्या मानाने मवाळ आहे आणि खोक्यात चार्जर नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

विवोचा टी४ ५जी एप्रिल २०२५ मध्ये २१,९९९ रुपयांपासून आला. बॅटरी तब्बल ७,३०० एमएएच, चार्जर ९० वॉटचा, प्रोसेसर वेगवान.

यात चांगला कोणता? दिवसभर रानात असणारा, रात्री लाईट गेलेली, पोरगं गेम खेळणारं, अशा घराला दुसरा फोन सोयीचा. फोनवर बँक, व्हॉट्सॲप, सरकारी ॲप एवढंच काम असेल आणि पाच-सहा वर्षं तोच वापरायचा असेल, तर पहिल्याचे लांबलचक अपडेट कामाला येतात. एकाला परवडणारा फोन दुसऱ्याला परवडेलच असं नाही. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेणं इथेच फसतं.

हप्त्याचा फास

'शून्य टक्के व्याज' ही पाटी वाचून अनेकजण थांबतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. कधी ते प्रोसेसिंग फीमध्ये असतं, कधी रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नाही त्यात असतं. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: 'रोख दिले तर कितीला आणि हप्त्याने सगळे मिळून किती?' दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज.

१ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला त्याला समजेल अशा भाषेत कर्जाचं माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळा खर्च मांडलेला असतो. ते मागून वाचावं, मगच अंगठा किंवा सही.

खरा धोका पुढे आहे. हप्ता महिन्याला येतो, शेतीचा पैसा हंगामाला. दीड हजाराचा हप्ता दोन महिने चुकला तरी सिबिलवर डाग पडतो. उद्या ट्रॅक्टर, ठिबक किंवा घरासाठी बँकेत गेल्यावर तोच डाग आडवा येतो. मोबाईलपायी मोठं कर्ज अडकणं हा सगळ्यात महागडा सौदा.

घेण्याआधी एवढं तपासा

- सुरक्षेचे अपडेट किती वर्षं आणि कधीपासून मोजायचे? मॉडेल जुनं असेल तर त्यातली वर्षं आधीच सरलेली असतात.
- स्क्रीन फुटली तर बदलायला किती? फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सांगितले तर पुन्हा विचार करावा.
- कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला? दोन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेली मजुरी किमतीत धरावी.
- जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. त्यावरचा आयएमईआय आणि फोनवर *#०६# दाबून येणारा नंबर जुळवावा.
- जुना फोन घेत असाल तर केवायएम लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ वर मेसेज करावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं.
- तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

मग घ्यावा की नाही?

फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि वर्षातून दोन-तीनदा सरकारी ॲप, एवढंच काम असेल तर वीस हजार घालायची गरज नाही. दहा-बारा हजारांत काम भागतं. घरातल्या एकाच फोनवर पोरांचा अभ्यास, दुधाचा हिशोब, बँक आणि रानातलं काम सगळं चालत असेल, तर मिडरेंज घ्यावा. पण रोखीने, हंगामाचा पैसा हातात असताना, आणि पाच वर्षं चालवायच्या तयारीने.

आणि हातातला फोन नीट चालत असेल, नुसती बॅटरी उतरत असेल, तर आधी बॅटरी बदलून बघावी. चिपचे भाव चढलेले असताना आणखी एक वर्ष जुना फोन चालवला, तर तेवढे पैसे खरिपाच्या बियाण्याला राहतात.