गोळी स्तनासाठी, परिणाम बीजांडकोषावर

स्तनाचा कर्करोग संप्रेरकांवर पोसणारा असेल, तर पाळी चालू असलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनची गोळी सहसा ५ वर्षे दिली जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲटलास’ अभ्यासानंतर काहींच्या बाबतीत ही मुदत १० वर्षांवर गेली. स्तनात इस्ट्रोजेनला रोखणारे हे औषध बीजांडकोषाला मात्र चेतवते. तेथे पाण्याच्या गाठी होऊ शकतात. सोनोग्राफीत गाठ दिसताच धास्तीने गोळी सोडणे, म्हणजे आजार उलटण्याचा खरा धोका ओढवून घेणे. वस्तुतः बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. बीजांडकोष काढण्याची घाई न करता बहुधा नियमित तपासणी पुरेशी ठरते. पाळी थांबली तरी गर्भधारणा संभवते आणि औषधापासून गर्भाला धोका असतो. ही माहिती पहिल्या गोळीआधीच देणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.