सचोटी एकाच पक्षाची?

विमेदाराने आजार लपवू नये, हे निर्विवाद. परंतु कंत्राटी कामगाराचा अर्ज एजंट भरतो, कामगार केवळ सही करतो. आणि मृत्यूनंतर त्याच अर्जातील एखादी गाळलेली नोंद त्याच्या विधवेपुढे नाचविली जाते! १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, बजावते की तीन वर्षे उलटलेल्या आयुर्विम्यावर कोणत्याही कारणास्तव, अगदी लबाडीचा आरोप करूनही, आक्षेप घेता येत नाही. त्याआधी आक्षेप घ्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात. हे किती एजंट सांगतात? हप्त्याची तारीख मात्र सारेच सांगतात. हप्ता थकून बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ती तीन वर्षे नव्याने मोजली जातात. म्हणून हप्ता चुकवू नये, भरलेल्या अर्जाची प्रत जपावी. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकीलही नाही.