माणूस बदलून लाल्या जात नाही



कपाशीचे पान लाल पडले की ते खुडून दुकानदाराला दाखवायचे आणि तो देईल ती बाटली आणायची, ही आपली रीत. लाल्या पानावर दिसतो खरा, पण त्याचे मूळ कधी जमिनीतल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेत असते, कधी बोंडे भरताना नत्र कमी पडण्यात, कधी तुडतुड्यांत, कधी थंड रात्रींत. पान फक्त निरोप देते.

आपल्या दोन तालुक्यांत बैठकांना माणसे येईनाशी झाली. लगेच मागणी आली, तालुकाप्रमुख बदला! याआधी दोनदा बदलले. बैठका रिकाम्याच राहिल्या.

ऑस्ट्रियातला जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बर्टालान्फी (१९०१–१९७२) याने सांगितले की सजीव म्हणजे सुट्या भागांची बेरीज नव्हे. भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, बाहेरून काय आत येते, आतून काय बाहेर जाते, यावर तो जगतो. हाच विचार अभ्यासकांनी कारखान्यांना, कचेऱ्यांना, संस्थांना लावला. त्याला व्यवस्था-सिद्धांत म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट शेतातलीच आहे.

१९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार योजना आठवा. कायद्याने दार लावले, कापूस योजनेलाच विकायचा. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की गाड्या रातोरात सीमापार जात. इथला हमीभाव वरचढ झाला की बाहेरचा कापूस आत येई. तेजीत योजनेला कापूस मिळेना, मंदीत ठेवायला जागा पुरेना. त्यात चुकारे उशिरा, म्हणून गरजू शेतकरी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. मंत्री बदलले, अधिकारी बदलले, नाक्यांवर पहारे बसले. रचना तीच राहिली, म्हणून फळही तेच आले. शेवटी २००२ साली खाजगी खरेदीला वाट मोकळी करावी लागली.

शेतकरी आळशी आहे, म्हणून कर्जबाजारी आहे, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. आपण ठणकावून सांगितले, दोष माणसाचा नाही, भावाच्या व्यवस्थेचा आहे. मग हाच न्याय आपल्या कार्यकर्त्याला का नको?

काही मित्र म्हणतात, अशाने नालायकांना पांघरूण मिळेल. मिळू नये. पैसा खाणारा गेलाच पाहिजे. पण आधी एवढे विचारा, त्या जागी दुसरा बसवला तर वेगळे काय करू शकेल?

आमची चूक आम्ही कबूल करतो. जिल्ह्यातून गावाकडे फर्माने जातात, गावाचा शब्द वर येत नाही. दसऱ्याला गावाने विचारलेला प्रश्न आम्हाला संक्रांतीला कळला. उत्तर गेलेच नाही. बैठका लावल्या त्या ऐन वेचणीत. बाया येणार कशा? अळी बोंडात शिरण्याआधी कळावे म्हणून आपण कामगंध सापळ्यातले पतंग मोजतो. संघटनेत असा सापळा कुठे आहे?

म्हणून या बैठकीपुढे आमचे तीन ठराव आहेत. प्रत्येक गावशाखेने महिन्याला एक पानाचे पत्र पाठवावे. जिल्ह्याने पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. बैठकीची तारीख वेचणी आणि ज्वारीचे खळे पाहून गावांनीच ठरवावी. एक हंगाम हे करून पाहू. त्यानंतरही तालुका हलला नाही, तर प्रमुख बदलण्याच्या ठरावाला पहिला हात आमचा असेल.

लाल पान खुडून लाल्या गेला, असे शेत आम्ही अजून पाहिलेले नाही.