तप शक्तीनुसार, मुलींचंही



दशलक्षण संपलं, सगळ्यांची पारणी झाली. इतवारीच्या मंदिरात दहा उपवास करणाऱ्या मुलींचं कौतुक झालं, त्यात आमची सोळा वर्षांची भाचीही होती. पण तिचं पारणं झालंच नाही. आज एकाशन, उद्या रसत्याग, असं सुरूच. सगळ्यांना आग्रहाने वाढायची, स्वतःच्या ताटातली शितं मोजायची. पाळी थांबली. मार्क चांगले, म्हणून आम्ही गप्प!

डॉक्टरांनी सांगितलं, हा अ‍ॅनोरेक्झिया. शरीराच्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा मेंदूला लागतो आणि तो पंचविशीपर्यंत घडत असतो. उपाशी मेंदू आक्रसतो, विचार ताठर होतात. मग समजावून काही उपयोग नसतो. १९४५ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं, तेही चिडचिडे झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले. म्हणजे हा नुसता हट्ट नाही. वजन भरलं की मेंदूही बराच सावरतो, म्हणून पहिलं औषध जेवणच.

सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ आहे. शक्ती ओळखणं हाही धर्मच. मला वाटतं, वाढत्या वयाच्या मुलीला उपवासाला बसवण्याआधी आईने विचारावं: मनात कर्मनिर्जरा आहे की आरशातली कंबर? वजन उतरतंय, पाळी चुकतेय, तर अनुमोदना थांबवा, डॉक्टर गाठा.

आता भाची रोज आमच्यासोबत वरण-भात जेवते. हळूहळू, रडत कधी. आमच्यासाठी तेच पारणं.