वारा दोघींनाही होता

७ जून २०२५ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनच्या महिला एकेरीचा अंतिम सामना भर वाऱ्यात खेळला गेला. जागतिक क्रमवारीत पहिली असलेली आर्यना सबालेंका पहिला सेट जिंकूनही कोको गॉफकडून ६-७, ६-२, ६-४ अशी हरली. तिच्या हातून ७० अनफोर्स्ड एरर झाल्या होत्या. चडफडाट व्हावा असाच हा पराभव होता. पण पत्रकारांसमोर तिने जे सांगितलं ते चडफडाटाच्या पलीकडचं होतं. गॉफ काही फार भारी खेळली म्हणून जिंकली नाही, माझ्या चुकांमुळे जिंकली, असा तिचा सूर. वर पुस्ती अशी, की उपान्त्य फेरीत इगा श्वियाँतेकने आपल्याला हरवलं असतं तर आज तीही गॉफला हरवून गेली असती. म्हणजे चषक गॉफच्या हातात आणि कौतुक तिसरीचंच! श्वियाँतेकविरुद्धचा आपला आधीचा सामनाही आपणच जिंकला होता, याची आठवण देऊन गॉफने हे मत खोडून काढलं. वारा काही नेटच्या एकाच बाजूला वाहत नव्हता.

पाच आठवड्यांनी, १२ जुलैला, विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात अमांडा अनिसिमोवाला एकही गेम घेता आला नाही. श्वियाँतेककडून ६-०, ६-०, तेही अवघ्या ५७ मिनिटांत. विम्बल्डनच्या महिला अंतिम सामन्यात असा निकाल याआधी लागला होता तो १९११ साली. हीच अनिसिमोवा २०२३ मध्ये मनाचा थकवा असह्य होऊन काही महिने टेनिसपासून दूर गेली होती, आणि २०२४ मध्ये तिला विम्बल्डनची पात्रता फेरीही ओलांडता आली नव्हती. सेंटर कोर्टवर बोलताना ती रडली. चांगला खेळ झाला नाही म्हणून तिने प्रेक्षकांची माफी मागितली, श्वियाँतेकचं मनापासून कौतुक केलं, आणि त्याच सकाळी विमानाने येऊन पोचलेल्या आईचा विषय निघाला तेव्हा तिचा आवाज फुटेना. दुखापत, ऊन, दडपण, नशीब यांपैकी कशाचाही आडोसा तिने घेतला नाही.

खिलाडूवृत्ती म्हणजे पराभव हसतमुखाने गिळणं, असा एक बाळबोध समज आपल्याकडे आहे. तो खरा मानला तर टेनिसमधले निम्मे थोर खेळाडू नापास होतील. १९९३ च्या विम्बल्डनमध्ये याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध निर्णायक सेटमध्ये ४-१ ने पुढे होती आणि ५-१ साठी सर्व्हिस करत होती. तिथे तिच्याकडून डबल फॉल्ट झाला आणि सामना हातून निसटत गेला. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ती ढसाढसा रडली. पाच वर्षांनी ती जिंकली तेव्हा चषक द्यायला त्याच डचेस होत्या. रॉजर फेडररही २००९ मध्ये मेलबर्नला रफाएल नदालकडून हरल्यावर माईकसमोर कोसळला होता. या दोघांना रडीचे कोणी म्हटलं नाही, कारण त्यांनी विजेत्याचं काही हिरावून घेतलं नव्हतं. हरणाऱ्याने दुःख हवं तेवढं करावं. जिंकणाऱ्याच्या पानातला घास मात्र उचलू नये.

हा घास कसा उचलला जातो ते २०१८ च्या यूएस ओपनमध्ये दिसलं. पंच कार्लोस रामोस यांनी सेरेना विल्यम्सवर केलेली कारवाई योग्य होती की नाही, यावर अजूनही वाद घालता येईल. त्या वादाची किंमत मात्र वीस वर्षांच्या नाओमी ओसाकाने मोजली. सेरेनाला हरवून पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलेली ती व्यासपीठावर उभी होती, प्रेक्षक हुर्यो करत होते, आणि विजेतीलाच माफी मागावी लागली. हुर्यो थांबवा असं सेरेनाने लोकांना बजावलं, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण आग तिच्याच रागाने लागली होती.

याच्या नेमकं उलट वागणारेही टेनिसने पाहिले आहेत. २००५ मध्ये रोमला अँडी रॉडिकच्या हाताशी तीन मॅच पॉइंट होते. फर्नांडो व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर पडल्याचा निर्णय झाला. म्हणजे डबल फॉल्ट, सामना संपला. रॉडिकने लाल मातीतली खूण पाहिली, चेंडू आत होता असं पंचांना सांगितलं, आणि तो सामना पुढे हरला. त्याच्या कितीतरी आधी, १९३५ च्या डेव्हिस कपमध्ये, जर्मनीच्या गॉटफ्रीड फॉन क्राम यानेही दुहेरीत जिंकलेला मॅच पॉइंट सोडून दिला होता. चेंडू आपल्या रॅकेटला निसटता लागला हे पंचांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानेच ते सांगितलं. ती लढत अमेरिकेने जिंकली.

आता विम्बल्डनमध्ये २०२५ पासून रेषेवर माणसं नाहीत, यंत्रच निर्णय देतं. त्यामुळे रॉडिकसारख्या कबुलीला तिथे जागा उरलेली नाही. तरी सगळंच यंत्राला दिसत नाही. २०२५ च्याच फ्रेंच ओपनमध्ये बेन शेल्टनविरुद्ध कार्लोस अल्काराझने झेपावत फटका मारला, टाळ्या घेतल्या, आणि मग चेंडू लागण्याआधी रॅकेट हातातून सुटली होती असं स्वतःहून पंचांना सांगून गुण शेल्टनला देऊन टाकला.

सबालेंकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिने नंतर आपलं बोलणं चुकलं हे मान्य केलं, गॉफला तसं लिहून कळवलं, आणि विम्बल्डन सुरू होण्याआधी दोघी एका व्हिडिओत एकत्र नाचल्या. डोकं थंड झालेली सबालेंका आणि सामना संपल्या संपल्या बोललेली सबालेंका यांत इतका फरक पडला.

इथे आयोजकांचीही चूक आहे. क्रिकेटमधला हरलेला कर्णधारही लगेच बोलतो, पण त्याच्या पाठीशी दहा जण असतात. टेनिसमध्ये एकट्या माणसाला आयुष्यातला सर्वांत मोठा सामना हरल्यावर काही मिनिटांत भरल्या स्टेडियमसमोर उभं करतात, मग पत्रकार परिषदेत बसवतात. ती टाळली म्हणून २०२१ मध्ये पॅरिसला ओसाकाला १५,००० डॉलरचा दंड झाला आणि अखेर तिने स्पर्धाच सोडली. विजेत्याचं नाव घेऊन हस्तांदोलन करणं एवढं कर्तव्य हरलेल्या खेळाडूने कोर्टवर पार पाडलंच पाहिजे, त्यात सवलत नको. भाषण मात्र ऐच्छिक करावं आणि पत्रकार परिषद दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. बातमी एका रात्रीने शिळी होणार नाही.